एक जहाज, दोन कंटेनर : न्हावा शेव्याच्या थेट वितरण योजनेचा प्रकरण अभ्यास

2018 ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली होती. तिच्या तीन आठवडे आधी न्हावा शेव्याला सिंगापूरहून आलेलं एक जहाज लागलं. त्या जहाजातले दोन कंटेनर आमच्या कचेरीकडे होते. पहिला बुसानचा, चाकणच्या एका कारखान्यासाठी आलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांचा. दुसरा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून निघून सिंगापूरला जहाज बदलून आलेला, कवचासकट बदामाचा. त्याचा मालक वाशीच्या मसाला मार्केटमधला एक व्यापारी. मी सीएचएकडे, म्हणजे आताच्या भाषेत कस्टम ब्रोकरकडे काम करतो. आयातदाराच्या वतीने कस्टमचे कागद करायचे, हा आमचा धंदा. दोन्ही फायली माझ्याच टेबलावर होत्या.

चाकणचा कंटेनर जहाजावरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बंदराच्या गेटबाहेर पडला आणि रात्री कारखान्यात पोचला. बदामाचा कंटेनर वाशीला पोचायला अकरा दिवस लागले.

बंदर एक, जहाज एक, कायदा एक, आणि कागद करणारा माणूसही एकच. तरी दोघांत नऊ-दहा दिवसांचा फरक पडला. हा फरक नीट उलगडला, तर बंदरातून व्यापार वाढवण्यासाठी सरकारने गेल्या दहा वर्षांत काय केलं, त्यातलं काय साधलं आणि ते कोणापर्यंत पोचलं नाही, हे सगळं दिसतं. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

आधी काय होतं

न्हावा शेव्याचं बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. मुंबई बंदरात जागा उरली नव्हती आणि कंटेनरचा जमाना आला होता. खाडीपलीकडे उरणच्या किनाऱ्यावर नवं बंदर उभं राहिलं आणि बघता बघता ते देशातल्या कंटेनर व्यापाराचं मुख्य दार झालं. 2024-25 मध्ये इथे सुमारे 73 लाख टीईयू हाताळले गेले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू धरतात.

बंदराचं यार्ड जहाज भरण्या-उतरवण्यासाठी असतं. तिथे माल साठवत बसलं तर पुढच्या जहाजाला जागा कुठली? म्हणून नव्वदच्या दशकापासून उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर फ्रेट स्टेशनं उभी राहिली. आम्ही सगळे सीएफएस म्हणतो. या बंदराच्या भोवती ती तीसहून जास्त आहेत. जहाजातून उतरलेला कंटेनर ट्रेलरवर चढून सीएफएसला जायचा. तिथे कस्टमची तपासणी, तिथेच आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टमची शेवटची परवानगी, तिथूनच डिलिव्हरी. कोणता कंटेनर कोणत्या सीएफएसला जाणार हे बहुतेक वेळा शिपिंग लाइन, म्हणजे जहाज कंपनी, ठरवायची आणि बिल मात्र आयातदाराच्या नावावर फाटायचं. बंदर ते सीएफएस वाहतूक, उचल-ठेव, ग्राउंड रेंट म्हणजे जागेचं भाडं असं सगळं त्या बिलात असायचं.

कंटेनर आठवडाभर सीएफएसमध्ये पडून राहणं त्या काळी नेहमीचं होतं. लोक याचा दोष कस्टमला देतात आणि तो काही अंशी खराही होता. पण इतकी वर्षं या कामात असल्यामुळे मला हेही सांगायला हवं, की कंटेनर थांबायचा त्यातले बरेच दिवस आयातदाराच्या स्वतःच्या सोयीचे असायचे. जहाज येऊन चार दिवस झाले तरी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमला द्यायचा तपशील (आम्ही नुसतं बिलही म्हणतो), दाखल व्हायची नाही, कारण ती दाखल झाली की ड्युटी भरायची वेळ यायची. सीएफएसचे पहिले काही दिवस फुकट मिळायचे. त्यानंतरचं भाडंही मुंबई-ठाण्यात गोदाम घेण्यापेक्षा स्वस्त पडायचं. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत माल सीएफएसमध्येच असू द्यायचा हा व्यापाराचा एक भागच होता. म्हणजे सीएफएस हे कितीतरी लहान व्यापाऱ्यांचं गोदाम होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं हिच्यापाशी येऊन थांबतं.

सरकारने काय बदललं

मार्च 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सागरमाला कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातून नव्या गोद्या, रस्ते आणि रेल्वेजोडण्या यांची मोठी यादी पुढे आली. त्याच सुमाराला दुसरं एक काम कमी गाजावाजात सुरू झालं. माल बंदरात थांबतो ते दिवस कसे कमी करायचे, हे ते काम. भारताने 22 एप्रिल 2016 ला जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराला मान्यता दिली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये तो करार लागू झाला. सही झाली म्हणजे आपल्या बंदरावर माल सोडायला किती तास लागतात हे मोजणं आणि ते कमी करणं आलं.

न्हावा शेव्याला या कामाचं सर्वांत ठळक रूप म्हणजे डीपीडी, डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी. कंटेनर सीएफएसला न नेता बंदराच्या यार्डातूनच थेट आयातदाराच्या दारात न्यायचा. ही सोय आधीही होती, पण मोजक्या मोठ्या कंपन्यांपुरती. 2016 च्या अखेरीस आणि 2017 मध्ये जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसने एकामागून एक जाहीर सूचना काढून तिचं दार बरंच मोठं केलं. डीपीडीचे कंटेनर यार्डात वेगळे रचायचे, 48 तासांत उचलायचे, आणि उचलले नाहीत तर ठरलेल्या सीएफएसला पाठवायचे, असा नियम बसला. डीपीडीतून गेलेल्या आयात कंटेनरचा हिस्सा सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता. दोन-अडीच वर्षांत तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला.

डीपीडी एकटी चालली नसती. तिच्या आजूबाजूला बाकीची चाकं बसवली गेली. एप्रिल 2016 पासून एक खिडकी व्यवस्था आली. फूड सेफ्टी, प्लांट क्वारंटाइन, ॲनिमल क्वारंटाइन, औषध नियंत्रक अशा खात्यांच्या वेगवेगळ्या परवानग्यांसाठी एकाच ठिकाणी अर्ज करता येऊ लागला. त्याच वर्षी कंटेनरवर आरएफआयडी टॅग लागू लागले आणि आपला डबा कुठे आहे हे मोबाइलवर दिसू लागलं. 2018 पासून ई-संचित आलं आणि कागदांच्या गठ्ठ्याऐवजी स्कॅन केलेली कागदपत्रं चालू झाली. ज्यांचा व्यवहार स्वच्छ आहे अशा आयातदारांसाठी एईओ, म्हणजे अधिकृत आर्थिक परिचालक, ही योजना तीन पायऱ्यांची झाली. वरच्या दोन पायऱ्यांवरच्या आयातदारांना नोव्हेंबर 2016 पासून ड्युटी माल सुटल्यावर पंधरवड्याने भरण्याची मुभा मिळाली.

सवलती आल्या तशी सक्तीही आली. 2017 च्या वित्त कायद्याने कस्टम कायद्याचं कलम 46 बदललं. जहाज आल्याच्या दुसऱ्या दिवसाअखेर बिल ऑफ एंट्री दाखल झाली नाही, तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये दंड. 2021 मध्ये हे आणखी कडक झालं. आता सर्वसाधारणपणे माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल दाखल करावं लागतं. ज्या दिवशी हा नियम लागला, त्या दिवशी आमच्या धंद्याची चालच बदलली. पूर्वी जहाज लागल्यावर आम्ही फाइल उघडायचो. आता जहाज समुद्रात असतानाच फाइल बंद व्हायला हवी.

मी या बदलांच्या बाजूने आहे, आणि हे मला स्पष्ट लिहायचं आहे. कस्टम हाउसच्या आवारात कागदांचा गठ्ठा काखोटीला मारून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एका सहीसाठी दुपार जायची. आज त्यातलं जवळजवळ काही करावं लागत नाही. 2020 मध्ये बिनचेहऱ्याचं मूल्यांकन आल्यावर तर न्हावा शेव्याचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. त्यात नव्या अडचणी आल्या, पण जुनी लाचारी गेली. ती परत यावी असं मला कधीही वाटणार नाही.

पहिल्या कंटेनरचा प्रवास

चाकणच्या कारखान्याचं बिल आम्ही जहाज यायच्या चार दिवस आधी दाखल केलं. माल दर महिन्याला तोच, पाठवणारा तोच, दर तोच. कस्टमच्या जोखीम तपासणी प्रणालीने ते ना मूल्यांकनासाठी थांबवलं ना तपासणीसाठी. ड्युटी पंधरवड्याने भरायची होती, कारण कारखाना एईओच्या दुसऱ्या पायरीवर होता. कारखान्याचा वाहतूकदार वर्षाच्या कराराचा. शिपिंग लाइनकडे अनामत आधीच भरलेली, म्हणून डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल द्यायची लाइनची चिठ्ठी, मिळायला अर्धा तासही गेला नाही.

त्या रात्री कंटेनर उतरला. सकाळी ट्रेलर यार्डात गेला. आरटीजी क्रेनने डबा उचलला, ट्रेलरवर ठेवला आणि चारही कोपऱ्यांचे लॉक फिरवले. गेटवर सीलचा नंबर तपासून स्लिप मिळाली. करळ फाट्यापाशी तासभर रांगेत गेला. ट्रेलरवाला मला फोनवर म्हणाला, "साहेब, बंदरात वेळ लागला नाही तेवढा फाट्यावर लागतोय." रात्री माल चाकणला उतरला. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा लाइनने सांगितलेल्या यार्डात परत. डिटेन्शन, म्हणजे डबा मुदतीबाहेर ठेवल्याचा लाइनचा आकार, शून्य. ग्राउंड रेंट शून्य. सीएफएसचं बिलच नाही. एका कंटेनरमागे काही हजार रुपये वाचले, आणि अशा कारखान्याचे महिन्याला पंचवीस-तीस कंटेनर येतात.

त्याहून मोठा फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. माल कधी येईल हे नक्की कळायला लागल्यावर कारखान्याने गोदामातला राखीव साठा कमी केला. त्यांचा स्टोअर मॅनेजर मला एकदा म्हणाला होता, की पूर्वी तो दहा दिवसांचा माल जास्तीचा ठेवायचा, फक्त न्हावा शेव्याच्या भीतीने.

मोजपट्टी कोणाच्या मापाची

जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभता अहवालात सीमापार व्यापाराच्या निकषावर भारताचा क्रमांक 2018 च्या अहवालात 146 वा होता. पुढच्या वर्षी तो 80 वर आला आणि 2020 च्या अहवालात 68 वर. इतकी मोठी उडी कौतुकाची होती आणि तिच्यामागे न्हावा शेव्याच्या माणसांची मेहनत होती, हे मी जवळून पाहिलं आहे. पुढे आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे जागतिक बँकेने 2021 मध्ये तो अहवालच बंद केला. त्या गैरप्रकारांत नाव आलं ते चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांचं. भारताची सुधारणा त्यात नव्हती.

पण त्या अहवालाची पद्धत एकदा वाचून पाहावी. आयातीचा वेळ आणि खर्च मोजायला त्यांनी एक ठरावीक उदाहरण घेतलं होतं. कोणतं? कंटेनरमधून आलेले 15 टन गाड्यांचे सुटे भाग.

म्हणजे अगदी माझ्या पहिल्या कंटेनरसारखा माल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ विचार करत बसलो. ज्या मालाला फूड सेफ्टी लागत नाही, प्लांट क्वारंटाइन लागत नाही, जो उघडून पाहावा लागत नाही आणि ज्याचा मालक बहुधा मोठा कारखाना असतो, त्याच मालाने देशाच्या बंदरांची प्रगती मोजली गेली. मोजमाप खोटं नव्हतं, पण ते एकाच प्रकारच्या आयातदाराचं होतं. आणि सरकारी यंत्रणेचा नियम असा, की जे मोजलं जातं ते सुधारतं.

आपलं स्वतःचं मोजमाप जास्त प्रामाणिक आहे. कस्टम खातं राष्ट्रीय पातळीवर टाइम रिलीज स्टडी करतं. 2023 च्या अभ्यासात बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी 85 तास 42 मिनिटं लागली. ठरवलेलं उद्दिष्ट 48 तासांचं. आधीच्या वर्षापेक्षा वेळ कमी झाला होता आणि उद्दिष्ट अजून लांब होतं, हे खात्याने स्वतःच छापलं. त्याच अभ्यासातून हेही दिसतं, की आगाऊ बिल, एईओ आणि जोखीम प्रणालीची सवलत या तिन्ही गोष्टी ज्याला मिळतात त्याचा वेळ सरासरीपेक्षा बराच कमी असतो. म्हणजे ज्याला त्या मिळत नाहीत त्याचा वेळ सरासरीच्या वर जाणार, हे ओघानेच आलं. शिवाय हे घड्याळ आउट ऑफ चार्जला थांबतं. पुढे डिलिव्हरी ऑर्डर, ट्रेलर, फाट्यावरची रांग यांत जे तास जातात ते यात धरलेले नाहीत.

दुसरा कंटेनर का अडकला

बदामवाल्या शेठने बिल उशिरा दाखल करायला सांगितलं. दिवाळीच्या ऑर्डरींचे पैसे बाजारातून यायचे होते. बिल दाखल केलं की ड्युटी आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लगेच भरा, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. पंधरवड्याने भरायची सोय त्यांना नव्हती. एईओची पहिली पायरी गाठायलासुद्धा तेव्हा वर्षाला किमान 25 बिलं लागायची, आणि शेठ वर्षाला आठ-दहा कंटेनर आणणारे. डिसेंबर 2020 मध्ये लहान उद्योगांसाठी ही अट 10 वर आली. चांगला निर्णय, पण पहिल्या पायरीवर ड्युटी पुढे ढकलायची सवलत नव्हतीच.

दोन दिवस उशीर झाला आणि 10,000 रुपये दंड लागला. मग प्लांट क्वारंटाइन. किडीचा अंश नाही ना हे पाहायला निरीक्षक प्रत्यक्ष येतात. त्यासाठी कंटेनर उघडावा लागतो आणि बंदराच्या यार्डात कंटेनर उघडायला जागा नसते. म्हणजे सीएफएस आलंच. त्यानंतर फूड सेफ्टीचा नमुना. मधे शनिवार-रविवार.

त्या तपासणीच्या दिवशी मी शेडमध्ये होतो. ऑक्टोबर हीटमध्ये पत्र्याच्या शेडखाली अंगाची लाही होते. कामगाराने मोठ्या कटरने बोल्ट सील तोडलं आणि दार उघडल्याबरोबर कोंदट, गोडसर वास बाहेर आला. गोण्या छतापर्यंत रचलेल्या. निरीक्षकाने पुढच्या, मधल्या आणि मागच्या गोण्यांतून बदाम काढायला सांगितले. मागची गोणी काढायची तर पुढच्या पन्नास खाली उतरवाव्या लागतात. त्यांनी मूठभर बदाम पांढऱ्या कागदावर पसरले, काही फोडून पाहिले आणि भिंग डोळ्याला लावलं. काम चोख होतं. पण त्यांना त्या एका दिवसात पट्ट्यातल्या वेगवेगळ्या सीएफएसमध्ये फिरून असे कितीतरी कंटेनर पाहायचे होते आणि एका सीएफएसपासून दुसऱ्यापर्यंत जायलाच वाहतुकीत तास जायचा. आमचा नंबर दुपारी चारला लागला होता. सकाळी दहापासून माणसं लावून ठेवलेली.

शेठ पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसून होते. मला म्हणाले, "भाऊ, तुमचं ते थेट बंदरातून देतात म्हणे, मला का नाही देत?"

मी म्हटलं, "शेठ, दिलं तर नेणार कुठे?"

प्रश्न मी सहज विचारला, पण प्रकरणाची गाठ तीच होती. मसाला मार्केटमधला त्यांचा गाळा लहान. चाळीस फुटी ट्रेलर दिवसा तिथे उभा करता येत नाही. माथाडींच्या टोळीला एका दमात अख्खा कंटेनर उतरवायला सांगायचं तर माल ठेवायचा कुठे? त्यांची रीत अशी, की सीएफएसमध्ये डबा रिकामा करायचा, टेम्पोत भरायचा आणि रोज लागेल तसा वाशीला न्यायचा. डीपीडी सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात तिचा उपयोग त्यालाच, ज्याच्याकडे कंटेनर उतरवायला स्वतःचं आवार आहे, हाताशी खेळतं भांडवल आहे आणि ज्याच्या मालाला दुसऱ्या खात्याची परवानगी लागत नाही.

याहून लहान माणूस तर या हिशेबात धरलेलाच नाही. ज्याचा माल अख्खा कंटेनर भरत नाही, तो इतर दहा-बारा जणांबरोबर एका कंटेनरात माल आणतो. आमच्या भाषेत एलसीएल. दहा मालकांचा डबा कोणा एकाच्या दारात जाऊ शकत नाही. तो सीएफएसमध्येच फोडावा लागतो. धंदा नव्याने सुरू करणारा उल्हासनगरचा किंवा भिवंडीचा तरुण बहुधा एलसीएलनेच सुरुवात करतो.

सीएफएसवाले आणि उरण

डीपीडीला सीएफएसवाल्यांनी विरोध केला तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला दलालांची ओरड म्हटलं. बिलं फुगवली जायची हे खरं आहे आणि ती भरताना मीही चिडलो आहे. तरी या विरोधाकडे उरणच्या नजरेने पाहायला हवं.

या बंदराखाली आणि नव्या मुंबईखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा हा त्याच लढ्याचा ठेवा. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना त्याची पत्रं मिळू लागली ती ऑगस्ट 2014 मध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते. तीस वर्षं! या मधल्या काळात घर चालवायला पोरांना काम मिळालं ते बंदरात थोडं आणि सीएफएसमध्ये जास्त. सर्व्हेयर, कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरचा ऑपरेटर, गेटवरचा क्लार्क, सील तोडणारा कामगार. जासई, सोनारी, करळ, जसखार, नवघर या गावांतली ही पोरं. कंटेनर सीएफएसला न जाता गेटवरून सरळ चाकणला निघाला, की देशाचा वेळ वाचतो आणि इथली एक पाळी कमी होते. योजना आखताना या माणसांसाठी वेगळा विचार झाल्याचं मला दिसलं नाही. सुधारणा थांबवावी असं मी म्हणत नाही. पण दोनदा किंमत मोजणारं गाव एकच असेल, तर त्याची नोंद प्रकरणात व्हायला हवी.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सीएफएसची दुसरी बाजू दिसली. कारखाने बंद, ट्रेलरचे चालक गावी निघालेले, जहाजं मात्र येतच होती. डीपीडीचे डबे उचलणारं कोणी नव्हतं. यार्ड भरत गेलं आणि ते डबे शेवटी सीएफएसकडे हलवावे लागले. नौवहन महासंचालनालयाने 22 मार्च ते 14 एप्रिल या काळाचं डिटेन्शन आयातदारांकडून घेऊ नका असं शिपिंग लाइनना सांगितलं. ज्याला आपण फालतू मुक्काम समजत होतो, तो अडचणीच्या वेळी धक्का सोसणारी गादी ठरला. बंदराला अशी मोकळी जागा जवळ लागतेच.

पुढे काय व्हावं

ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे 76,200 कोटी रुपयांचा प्रकल्प, वर्षाला 298 दशलक्ष टनांची क्षमता. मच्छीमारांचा विरोध, समुद्राची हानी हे त्या बंदराचे मोठे प्रश्न आहेत आणि ते स्वतंत्र लेखाचे आहेत. इथे मला एवढंच मांडायचं आहे, की तिथल्या आराखड्यात खोल पाणी आणि लांब धक्का जितक्या तपशिलाने काढला आहे, तितक्याच तपशिलाने लहान आयातदाराचं शेडही काढलेलं असावं.

माझ्या अनुभवातून मला तीन गोष्टी कराव्याशा वाटतात. पहिली, खाद्यमालासाठी बंदराला लागून एक सामायिक तपासणी शेड. तिथे प्लांट क्वारंटाइन, फूड सेफ्टी आणि कस्टम यांची माणसं सकाळपासून एकत्र हजर असावीत. आज निरीक्षक मालाकडे फिरतात. त्याऐवजी माल निरीक्षकाकडे यावा, एकदाच उघडावा आणि त्याच वेळी सगळे नमुने निघावेत. दुसरी, वर्षाला आठ-दहा कंटेनर आणणाऱ्या पण पाच वर्षांत एकही चूक नसलेल्या व्यापाऱ्याला ड्युटीसाठी पंधरा दिवसांची मुदत. बँक हमी घ्या हवं तर. शेठचे पहिले दोन दिवस आणि दंड फक्त यामुळे वाचले असते. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे. टाइम रिलीजचा अभ्यास छापताना सरासरीशेजारी खाद्यमालाचा, एलसीएलचा आणि वर्षाला दहापेक्षा कमी बिलं दाखल करणाऱ्याचा वेळ वेगवेगळा छापावा. कस्टमच्या संगणकात ही माहिती रोज जमा होते.

अकरावा दिवस

नवव्या दिवशी फूड सेफ्टीचं ना हरकत पत्र आलं. दहाव्या दिवशी आउट ऑफ चार्ज झालं, पण लाइनच्या कचेरीत डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे जमा झाल्याचं दिसायला संध्याकाळ झाली. फुकटचे दिवस संपून डिटेन्शन सुरू झालं होतं आणि ते डॉलरमध्ये लागतं. सीएफएसचं भाडं वेगळं, माणसांची मजुरी वेगळी. शेठ कॅल्क्युलेटरवर आकडे मारून पुन्हा पुसत होते.

अकराव्या दिवशी पहाटे पाचला डबा रिकामा करायला घेतला. चार टेम्पो लावले होते. पहिला भरून निघाला तेव्हा उजाडत होतं. गव्हाण फाट्यावर ट्रेलरची रांग होती, त्यामुळे तो वाशीला पोचेपर्यंत सकाळचा बाजार निम्मा उरकला होता. दिवाळीचे मोठे घेणारे आदल्या आठवड्यातच दुसरीकडून माल उचलून गेले होते. शेठनी अर्धा माल किलोमागे थोडा भाव पाडून दोन दिवसांत काढला आणि उरलेला शीतगृहात टाकला. तो लग्नसराईत, फेब्रुवारीत गेला. शीतगृहाच्या भाड्याची पावती त्यांनी मला फाइलला लावायला आणून दिली. ती अजून तिथेच आहे, बिल ऑफ एंट्रीच्या मागे टाचलेली.